झोरिनच्या नावाचा होकार

वेनियामिन तुमानोवने डूख धरला तेव्हा तो वकिलातीत साधा दुभाष्या होता, आणि उट्टं काढलं तेव्हा त्याच वकिलातीचा राजदूत. मधली सगळी वर्षं त्याने हसतमुखाने काढली. मॉस्कोच्या आमच्या परराष्ट्र खात्यात गोड हसणारे पैशाला पासरी मिळतात, पण तुमानोवइतकं पोटात ठेवणारा माणूस दुसरा झाला नाही. देशाचं नाव सांगत नाही. मोठी नदी आहे, चिकट भात आहे, आणि उकाडा असा की कोटाखाली सदरा अंगाला डकवल्यासारखा बसतो. तिथले काही लोक अजून पदावर आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?

झालं होतं असं. तुमानोवची आई वोलोग्दाकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा शेजारणीने थेट मॉस्कोला, खात्यात फोन लावला. फोन उचलला क्लिमेंती झोरिनने. झोरिन म्हणजे तुमानोवचा वसतिगृहातला सोबती, एका खोलीत राहिलेला, एका पातेल्यात बटाटे उकडून खाल्लेला.

"वेनियामिनला, आमच्या वेन्याला कळवा हो, आई आज-उद्याची आहे," शेजारीण म्हणाली.

"सांगतो," झोरिन म्हणाला.

आणि सांगितलं नाही! कारण त्याच आठवड्यात मंत्रिमहोदय त्या देशाच्या दौऱ्यावर होते, दौऱ्याची सगळी जुळवाजुळव झोरिनची होती, आणि तिथली भाषा पाण्यासारखी बोलणारा एकटा तुमानोव. तो निघून गेला असता तर झोरिनची फजिती झाली असती. मंत्र्यांचं विमान परत उडालं, तेव्हा कुठे या गृहस्थाने फोन केला, "वेन्या, मन घट्ट कर." तुमानोव गावी पोचला तेव्हा थडग्यावरची माती पावसाने बसलीसुद्धा होती. विहिरीवरच्या बायकांनी त्याला तोंडावर विचारलं, "आईला मूठभर माती द्यायला सवड नाही झाली होय रे साहेबा?" आई जिवंत असतानाच मी फोन केला होता, झोरिन म्हणून कुणी 'सांगतो' म्हणाला होता, हे शेजारणीने सांगितलं तेव्हा त्याला सगळं कळलं. झोरिनला मात्र बक्षीस म्हणून व्हिएन्नाच्या वकिलातीत नेमणूक मिळाली.

तुमानोव भांडला नाही. परत आल्यावर त्याने झोरिनशी हस्तांदोलन केलं, दर नव्या वर्षाला शुभेच्छा पाठवल्या. आत काय जळतंय ते फक्त बायकोला, रिम्माला ठाऊक होतं. "सोड रे आता," असं ती एकदाही म्हणाली नाही. तिलाही झोरिनचा तितकाच संताप होता.

वर्षं गेली. तुमानोव त्याच देशात पुन्हा पुन्हा जात राहिला, चढत चढत राजदूत झाला. मुदत संपत आली तशी रिम्माने खोकी बांधायला काढली. व्होल्गाकाठी किनेश्मात तिची आई, फाईना मकारोव्ना, एकटी शेगडी पेटवून बसलेली असायची. म्हातारी मोठी हट्टी. फोनवर बजावून सांगायची, "पाहुणी म्हणून येऊ नकोस. दोनदा निरोप द्यायची ताकद माझ्यात नाही. यायचं तर कायमची ये." म्हणून रिम्मा अडून होती. नवा राजदूत आला की हे दोघे सुटणार, आणि ती थेट आईकडे जाणार.

आणि मॉस्कोहून नव्या राजदूताचं नाव आलं. क्लिमेंती झोरिन!

व्हिएन्नानंतर झोरिनचं घोडं कुठेतरी अडलं होतं. बरोबरीचे सगळे राजदूत झाले, हा टेबलाशीच राहिला. निवृत्ती तोंडावर आलेली, त्यामुळे ही शेवटची संधी. आता रीत अशी की नाव आधी त्या देशाला कळवायचं, त्यांनी होकार द्यायचा, मगच नेमणूक व्हायची. नको असेल तर ते नाही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि का म्हणून विचारायची पद्धत नाही. आणि हे नाव नेऊन द्यायचं काम कोणाचं? जाणाऱ्या राजदूताचं. देव कधी कधी असं ताट वाढून पुढे ठेवतो!

तुमानोवने ते नाव रीतसर, मान झुकवून, तिथल्या शिष्टाचार खात्याच्या प्रमुखाला दिलं. हा बुनमी, त्याचा जुना मित्र. त्याच संध्याकाळी दोघे नेहमीसारखे नदीकाठी लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळत होते.

"तुमच्या ओळखीचा आहे का हा झोरिन?" बुनमीने विचारलं.

"एका खोलीत राहायचो आम्ही."

"मग चांगलाच असणार."

तुमानोवने गोळा फेकला, तो कुठे थांबतो ते पाहिलं, आणि म्हणाला, "आम्हाला घाई मुळीच नाही."

बुनमीने आपला गोळा फडक्याने पुसला. कळायचं ते त्याला कळलं.

तिकडे झोरिनने काय करावं? होकार यायच्या आधीच मोठी मेजवानी दिली! आमच्यात न झालेल्या गोष्टीचा आनंद साजरा करत नाहीत, शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. पण याला दम कुठला? तिकडच्या हिवतापासाठी गोळ्या सुरू केल्या, राहतं घर भाड्याने दिलं, आणि बायकोसकट मेव्हणीच्या घरी वळकटी टाकली. एक महिना गेला, दोन गेले. खात्याच्या जिन्यात लोक विचारायला लागले, "काय राजदूतसाहेब, अजून इथेच?" मेव्हणी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. हे सगळं जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडून तुमानोवच्या कानावर यायचं. तो पुन्हा पुन्हा खोदून विचारायचा, भांडी आपटते म्हणजे नेमकी कशी आपटते, आणि त्या रात्री गाढ झोपायचा.

शेवटी झोरिनने स्वतःच फोन केला. "वेन्या, तिथे अडलंय कुठे? तुझं वजन आहे तिकडे. जरा शब्द टाक ना. पाया पडतो तुझ्या."

"सांगतो," तुमानोव म्हणाला. फोन ठेवून त्याने स्वतःसाठी चहा करून घेतला, सोबत बशीत चेरीचा मुरंबा घेतला आणि चाटून-पुसून खाल्ला. इतका गोड मुरंबा त्याने जन्मात खाल्ला नव्हता.

पण बांधलेली खोकी खोलीत तशीच होती. रिम्मा कधी त्यातून शाल काढायची, कधी पातेलं, आणि पुन्हा दोरी बांधायची. किनेश्मात थंडी पडली. फोनवर फाईना मकारोव्ना बोलायची कमी आणि खोकायची जास्त.

"वेन्या, मी पुढे जाऊ का?" रिम्माने विचारलं. "आई रागावली तर रागावली."

"चार दिवसांवर आलंय गं. आता येईल होकार. कायमचीच जा की, तिलाही तेच हवंय."

बाहेर येऊन तो व्हरांड्यात उभा राहिला. बुनमीला एक फोन केला की संपलं, हे त्याला दिसत होतं. व्हरांड्यातल्या फोनवर हातही गेला. मग त्याला विहिरीवरच्या त्या बायका आठवल्या आणि पुन्हा रक्त उसळलं. आणखी एक महिना, फक्त एक महिना या हरामखोराला मेव्हणीकडे कुजू दे, म्हातारी कणखर आहे, असं म्हणून त्याने हात मागे घेतला.

म्हातारी बर्फ वितळायच्या आत गेली. त्या देशातून रोज विमान नसायचं, आणि आमच्यात तिसऱ्या दिवशी मूठमाती देतात. रिम्मा पोचण्यासारखीच नव्हती. चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावाने प्रार्थना असते, तिला तरी जाईन म्हणून तिने खोक्यांच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या.

बुनमी पांढरी फुलं घेऊन भेटायला आला. तुमानोव कचेरीत होता. बिचारा बुनमी भला माणूस, तो मनापासून म्हणाला, "बाई, आम्हाला काहीच कल्पना नव्हती. साहेब म्हणाले होते घाई नाही. आम्हाला वाटलं, तुमचा इथून पाय निघत नाही."

रिम्माने फुलं बाजूला ठेवली. "झोरिनच्या नावाला कधी होकार देता येईल?"

"तुम्ही म्हणाल तर उद्या."

"उद्या द्या."

संध्याकाळी तुमानोव घरी आला तर ती टेबलाशी बसली होती. दिवा लावलेला नव्हता. बुनमी काय बोलला ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने बोलूच दिलं नाही.

"मला विचारायचंस तरी, वेन्या! मी म्हणाले असते, घे सूड. दळून काढ त्याला. पण आधी मला विमानात बसव. एवढंच म्हणाले असते मी. तुला ते एक वाक्य नाही बोलता आलं माझ्याशी?"

"रिम्मा, मला वाटलं..."

"तुला वाटलं! माझी आई मेली रे तुझ्या वाटण्यापायी." मग तिने डोळे पुसले. "उद्या होकार येईल. त्याला फोन तू करायचा, माझ्यासमोर. मी ऐकणार आहे. मग मी एकटी जाते किनेश्माला, आणि तू येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी होकार आला. रिम्माने नंबर फिरवला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून झोरिनचा आवाज इतका मोठा येत होता की तिलाही ऐकू जात होतं.

"अभिनंदन, क्लिमेंती," तुमानोव म्हणाला. "त्यांनी होकार दिलाय."

पलीकडे म्हातारा झोरिन हमसून हमसून रडायला लागला. "तूच केलंस हे वेन्या, मला माहितीय. तुझ्या आईच्या वेळी मी असा वागलो, कुत्र्यासारखा वागलो, आणि तू तरी... इतकी वर्षं तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती. माफ कर रे मला."

याच शब्दांसाठी तुमानोवने आयुष्य काढलं होतं. आता त्याला ते ऐकवत नव्हते. रिम्मा समोर उभी, तिची नजर हलत नव्हती.

"घरी सगळे बरे ना?" झोरिनने नाक ओढत विचारलं. "रिम्माची आई कशी आहे?"

"गेली."

"अरेरे! रिम्मा पोचली ना पण वेळेवर?"

"नाही."

"का?" झोरिन म्हणाला. "तिला कुणी अडवलं?"