जिवंत माणसाचं पोस्टर

नोव्हेंबर २००८, दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. शाहूपुरीतलं माझं जाहिरातीचं ऑफिस. हजर: मी, आमचा आर्टिस्ट सुनील आणि सूतव्यापारी महावीरशेठ. गैरहजर: महांतेश. त्याला आम्ही आदल्या दिवशी मारलं होतं.

महांतेश कबनूरचा पॉवरलूम कामगार. हृदयाची झडप खराब. ऑपरेशन लांबवता येणार नव्हतं. त्यासाठी शेठनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. पास खपवायचं काम आमचं. पुण्या-बेंगळूरातली आपली मुलं तेव्हा ऑर्कुटवर असायची. तिथं एकमेकांच्या पानावर निरोप लिहायचे, त्याला स्क्रॅप म्हणत. आम्ही कार्यक्रमाच्या नावानं पान उघडून पोस्टर टाकलं.

सकाळी पान उघडलं. ओळीनं स्क्रॅप होते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘चांगला माणूस गेला.’

मी पोस्टर पुन्हा बघितलं आणि खुर्चीत बसले.

सुनीलचा हात फ्लेक्सवर बसलेला. आपल्याकडं चौकातल्या फ्लेक्सची रीत ठरलेली असते. वाढदिवसाचा माणूस रंगीत, गॉगलसकट. गेलेला माणूस ब्लॅक अँड व्हाइट, शेजारी समई, खाली तारीख. सुनीलनं फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला होता. शेजारी समई होती. खाली कार्यक्रमाची तारीख.

“समई कशाला रे?”

“आशेचा दिवा म्हणून, मॅडम.”

चूक त्याची एकट्याची नव्हती. माझ्या यादीत चार मुद्दे होते: नाव, तारीख, हॉल, फोन नंबर. चारही तपासून मीच टिक केले होते.

“ताई, ह्ये काय करून ठेवलासा?” शेठ ओरडले. “लोक पास परत द्यायला लागल्यात. म्हणत्यात, माणूसच न्हाय तर ऑपरेशन कुणाचं?”

तेवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, महांतेश बोलतोय.”

मी फोन स्पीकरवर टाकला.

“घरात पावणं आल्यात, हार घिऊन. निपाणीच्या मावशीला तिच्या पोरानं बेंगळूरास्नं फोन करून सांगितलं. दार मीच उघडलं, तर उंबऱ्यावरच बसली की ती! पाणी पाजतोय तिला.”

मग त्याच्या आईनं फोन घेतला. घरात तिला सगळे अव्वा म्हणत.

“बाई, माझं लेकरू जित्तं हाय. तुमी यायचं हितं. माझ्या दारात उभं ऱ्हाऊन त्याला डोळ्यांनी बघायचं.”

“येते, अव्वा,” मी म्हटलं.

पानावरून जुनं पोस्टर काढलं. सुनील मोटारसायकलवर कबनूरला गेला आणि दुपारी नवा फोटो घेऊन आला. रंगीत. महांतेश मागाजवळ उभा, हातात आजचा पेपर, शेजारी मावशी पदरानं डोळे पुसत हसतेय. नव्या पोस्टरचा मजकूर महांतेशनंच सांगितलेला: ‘मी जिवंत हाय. तसाच ऱ्हावा असं वाटत असंल तर पास घ्या.’

परत आलेले पास पुन्हा गेले. हॉल भरला. डिसेंबरात ऑपरेशन झालं.

तेव्हापासून माझ्या यादीत पाचवा मुद्दा आहे: एक अक्षरही न वाचता, रस्त्यावरून जाणाऱ्यासारखं दहा पावलांवरून बघणे.

ऑर्कुट बंद पडलं. महांतेश अजून माग चालवतो. त्या दिवशीच्या डायरीत सात कामं लिहिली होती, सहा कामांवर टिक आहे. सातवं आहे: ‘कबनूर. अव्वा.’ दर जानेवारीत मी ते नव्या डायरीत उतरवून घेते.