सायलीची उशी, माझी एसआयपी

ऑफिसातले किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. पगाराचं तसं झालं असतं तर काय हवं होतं!

सुरुवात एका उशीने झाली. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मी आणि सायली एकाच दिवशी लागलो. कॉलेज एक, टीम एक, पगारही एक. तिसऱ्याच महिन्यात तिच्या खुर्चीवर मानेची उशी! प्रवासात गळ्यात घालतात ती, जांभळी.

"कुठे निघालीस?"

"हंपी. बसने. तू पण चल ना."

"नको गं, माझा इमर्जन्सी फंड व्हायचाय."

"कसली इमर्जन्सी?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण ती उशी तेव्हापासून डोळ्यांत खुपायला लागली.

*

पप्पा न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटकडे कामाला. कागदाशिवाय कंटेनर हलत नाही, यात त्यांचा जन्म गेला. मी म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी सुरू केल्याचं सांगितलं तर म्हणाले, "पावती दाखव."

मी मोबाईल पुढे केला.

"ही पावती नाय, हा फोटो आहे!"

शेवटी प्रिंट काढून आणली. त्यांनी ती फाईलला लावली, चष्मा काढला आणि विचारलं, "सायली कशात टाकते?"

घरात पण सायली!

*

एकदा क्लायंट कॉल चालू असताना फोन थरथरला. मार्केट पडलं होतं. माझे सगळे आकडे लाल! मी अशी दचकले की "आई गं!" म्हणून ओरडलेच. माइक चालू.

"काय झालं?" आमचे लीड, पाटील सर.

"सर, कीबोर्डवर झुरळ."

मग वॉशरूममध्ये जाऊन एसआयपी बंद केली, होतं नव्हतं ते काढून घेतलं. बाहेर येते तर सायली निवांत चकली खातेय.

"तुझं पण पडलं ना?"

"असेल. मी बघतच नाही. पगार झाला की कापून जातं. उरलेल्यात फिरते."

आठवड्याभरात मार्केट वर. ती आत, मी बाहेर! शिवाय ती गोकर्णलाही जाऊन आली. मला काय मिळालं? सरांनी बोलावलेलं पेस्ट कंट्रोल.

*

आमच्या टीममध्ये एका आठवड्यात एकीलाच सुट्टी. सुट्ट्यांची शीट उघडली की जी आधी नाव टाकेल, तो आठवडा तिचा. सायली रोज डबा खाताना घोकायची, "डिसेंबरचा शेवटचा आठवडा माझा हां!"

शीट उघडायच्या दिवशी मी सकाळी सातलाच ऑफिसात. डिसेंबर, शेवटचा आठवडा, माझं नाव!

"कुठे दौरा?" सरांनी विचारलं.

"ठरायचंय सर."

मला कुठेच जायचं नव्हतं. मी जन्मात विमानात बसलेले नाही. घाटात बस वळली तरी डोळे मिटते.

सायलीने शीट बघितली. उशी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुपारपर्यंत.

*

दुपारी निर्लज्जासारखी तिलाच म्हणाले, "एसआयपी परत सुरू करायचीय, दाखव ना."

तिने फोन पुढे केला. बचतीच्या प्रत्येक खात्याला तिने नाव दिलं होतं. एक 'म्हातारपण'. एक 'फिरणं'. आणि तिसरं, 'आई – विमान'. त्याखाली हिरव्या अक्षरांत: पूर्ण.

"आई?" मी विचारलं.

"शाळेत मावशी म्हणून कामाला आहे ती. नाताळातच सुट्टी मिळते. तिकिटं स्वस्त होती म्हणून आधीच काढली. रिफंड नाही." फोन घेतला, हाफ डे टाकला आणि ती निघून गेली.

मी धावत जाऊन शीटमधलं माझं नाव काढलं, तिचं टाकलं. संध्याकाळी खाली चहाच्या टपरीमागे उभी राहून फोन लावला. रिंग वाजून थांबली. परत लावला. परत. चहा गार झाला. सहाव्यांदा उचलला!

"सायली, ऐक, सुट्टी तुझीच, शीटमध्ये तुझं नाव टाकलंय, मी चुकले गं, मला नुसतं..."

"मी तिची आई बोलते. ती तुझ्याशी बोलणार नाय म्हणते." मग आवाज एकदम खाली आला. "पण सुट्टी घेतलीस म्हणजे डिसेंबरात तू पण विमानाने चाललीस ना? मग तुला माहीत असेल. विमानाची खिडकी उघडते का गं? मला गाडी लागते!"