चौकटीत उभा केलेला मार्कर

"तिथं उभा राहा. त्या कोपऱ्यात. आणि हलायचं नाही."

डॉक्टरसाहेबांनी रॅकेटच्या टोकानं जागा दाखवली. जाळीपलीकडची सर्व्हिसची चौकट, तिचा डावा कोपरा, जिथं चुन्याच्या दोन रेघा मिळतात. मी जाऊन उभा राहिलो. माझी रॅकेट त्यांनी आधीच खाली ठेवायला लावली होती. कडेला वेताच्या खुर्च्यांत पाच-सहा मेंबर सरबत पीत बसले होते.

"नेम धरायला काहीतरी लागतं मला," डॉक्टर त्यांना हिंदीत म्हणाले. "डबा ठेवला तर दिसत नाही. हा लांबून दिसतो. काळा आहे ना."

सगळे हसले. मीही हसलो. चेंडूचे मार विसरलो, ते हसणं अजून विसरलो नाही. मीही हसलो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी जयपुरातल्या एका बड्या क्लबात मार्कर होतो. मार्कर म्हणजे टेनिसचा पगारी खेळगडी. मेंबराला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं, त्याला शिकवायचं आणि त्याच्याकडून हरायचं. हरणं सगळ्यात अवघड. माझी स्वतःची सर्व्हिस अशी होती की चेंडू आधी पोचायचा आणि आवाज मागून धापा टाकत यायचा. पण क्लबचा रिवाज होता, मार्करनं मेंबराला खालूनच सर्व्हिस करायची. म्हातारीनं कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.

डॉक्टर मोठे सर्जन, मूळचे पुण्याचे. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांना कोण आनंद!

"अरे वा, आपल्याकडचा की तू! कुठला रे?"

"सातारा जिल्हा, साहेब."

"छान, छान. आडनाव काय?"

सांगितलं. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त आतला माणूस उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी माळ्यानं निरोप दिला, मेंबरांच्या माठाला हात लावायचा नाही, तुझं पाणी नळावर. त्यानंतर डॉक्टर माझ्याशी हिंदीतच बोलायचे. मराठी फक्त हुकूम सोडायला.

आता त्यांची सर्व्हिस. देवा! ऑपरेशनच्या टेबलावर त्या हाताला म्हणे केसाइतकाही कंप नसायचा. कोर्टावर तोच हात रॅकेट अशी धरायचा, जसं पोळी उलटायला उलथनं. चेंडू वर भिरकावायचे तो डोक्यामागं, मग त्याला शोधत स्वतः मागं वाकायचे आणि कमरेतून मारायचे. चेंडू जाळीत गेला तर आम्ही देवाचे आभार मानायचो. एक चेंडू सरबताच्या तांब्यात पडला होता. एक असा उडाला की नाहरगडावरच्या माकडांनी तो अजून जपून ठेवला असेल. पहिले आठ दिवस मी त्या कोपऱ्यात उभा होतो आणि सांगतो, सगळ्या जयपुरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

पण हिवाळ्यात क्लबचा कप होता आणि डॉक्टरांना तो हवा होता. मेंबर सुधारला नाही तर मार्कर बदलतात. तेव्हा सुधारणं भाग होतं. मेंबराची चूक तोंडावर सांगायची नाही, हाही रिवाजच. मग आम्ही मार्कर लोक एक युक्ती करायचो. जे मेंबरानं केलेलं नाही ते त्यानं केलं म्हणून त्याची स्तुती करायची.

"साहेब, मघाशी चेंडू जरा पुढं टाकलात. काय सुरेख गेला!"

त्यांनी पुढं टाकला नव्हता. पण पुढच्या वेळी टाकला.

"साहेब, काल तुम्ही रॅकेट हातोडीसारखी धरलीत ना, तेव्हापासून मनगट मोकळं झालंय."

काल त्यांनी तशी धरली नव्हती. आज धरली.

असं मी त्यांना अख्खी सर्व्हिस शिकवली. चेंडू फेकायचा नाही, फळीवर वाटी ठेवावी तसा हवेत ठेवायचा, उजव्या खांद्याच्या रेषेत, हातभर पुढं. कोपर वर. मारेपर्यंत मान वर, नजर चेंडूवर. हे सगळं त्याच कोपऱ्यातून, निशाण म्हणून उभा राहून. आणि माझी अक्कल बघा! जसजशी त्यांची सर्व्हिस सुधारत गेली तसतसे चेंडू मला लागायला लागले. आधी पायाला. मग मांडीला. मग बरगडीत. प्रत्येक फटक्याला कडेनं टाळ्या. ठाकूरसाहेब म्हणून एक मेंबर होते, ते ओरडायचे, "क्या निशाना है हुकम!" हुकम म्हणजे तिकडचं 'साहेब'. आणि मी, येडपट, बरगडी चोळत म्हणायचो, "वा साहेब."

मग एक दिवस चेंडू तोंडावर आला. सरळ, जड, कुठंही न डगमगता. अगदी मी शिकवला तसा. पुढचा दात अर्धा तुटला. तोंडातून रक्त चुन्याच्या रेघेवर पडलं.

डॉक्टर जाळीपाशी आले. शहरातले सगळ्यात मोठे सर्जन. पाच पावलांवर मी. वाकून त्यांनी रेघ बघितली.

"चुना नवा मारून घ्या," ते माळ्याला म्हणाले. मग खुर्च्यांकडं वळून, "पाहिलंत? कोणी शिकवलं नाही हां. आपलं आपण."

घरी गेलो. राजा पार्कच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ही नोकरी त्यांनीच एका कर्नलला सांगून लावलेली. मला वाटलं, म्हणतील, सोस. त्यांनी माझी हनुवटी धरून दात बघितला.

"कशानं?"

सगळं सांगितलं. त्यांनी हनुवटी सोडली. मग म्हणाले, "पलटणीत चांदमारीला फळी लावत्यात. लाकडाची. मानूस न्हाई लावत."

आणि जेवायला बसले. मी बसलो नाही. मला एकदम दिसलं की आठ आठवडे मी लाकूड होतो. तेही हसणारं लाकूड.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रॅकेट दाखवली. "उभा राहा."

"नाही."

"काय?"

"फळी लावा, साहेब. मी माणूस आहे."

डॉक्टर लाल होऊन तरातरा पुढं आले, त्यांच्या बाजूच्या चौकटीत. "तुम्हा लोकांना कोर्टावर पाय ठेवू दिला की लगेच माज येतो!"

"सर्व्हिस मी शिकवलीय तुम्हाला," मी म्हणालो. "एकेक गोष्ट. आता पुरी बघा."

मी रॅकेट उचलली, माझ्या बाजूच्या मागच्या रेघेवर गेलो आणि वरून सर्व्हिस केली. लोक पुढं सांगायचे, मी त्यांच्या टोपीतून चेंडू पार केला. खोटं आहे. ही अफवा मीच पसरवली. मी अंगावर मारलाच नाही. चेंडू त्यांच्या बुटापासून दोन हातांवर, चौकटीच्या कोपऱ्यात पडला. एवढा मोठा माणूस दोन्ही पायांनी उडी मारून बाजूला झाला. ठाकूरसाहेबांचं सरबत सांडलं.

मला त्याच दुपारी काढलं. कप डॉक्टरांनीच जिंकला. माझ्या सर्व्हिसनं. मी एका कारखान्यात फिटर झालो.

दोन वर्षांनी क्लबचा चपराशी घरी आला. नवा मार्कर टिकत नव्हता. सेक्रेटरींचा निरोप होता, भैया, डॉक्टरसाहेबांची लेखी माफी माग, पुन्हा ठेवून घेतो. मी कागद घेतला आणि लिहिलं: "डॉक्टरांची सर्व्हिस मी शिकवली. माझा दात डॉक्टरांनी तोडला. दोन्ही खरं आहे असं लिहून डॉक्टरांनी खाली सही करावी. मग बोलू."

चपराशी म्हणाला, "हे नेऊ? मतलब, खरंच नेऊ?"

"ने."

सही आली नाही. मी गेलो नाही. नंतर आणखी दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा मी तोच मजकूर लिहून पाठवला, शब्दही न बदलता. चौथ्यांदा आलं तरी तोच पाठवीन.