यांचा हातगुण

हाडांच्या त्या मोठ्या दवाखान्यात नाव लागतं ते फक्त खिडकीवरच्या मुलीला. आत गेलं की माणूस मोडलेल्या जागेवरून ओळखला जातो. कोणी खुबा, कोणी मणका, कोणी गुडघा. मी कोपर. व्यायामाच्या हॉलमधली तेलुगू पोरगी मला 'मोचेय्यी अम्मा' म्हणायची, शेजारच्या खुर्चीवरची जुन्या शहरातली बाई 'कोहनी आपा' म्हणायची. दोन्हींचा अर्थ एकच, कोपरवाली. इथे हैदराबादला, जामबागच्या मराठी शाळेत शिकवण्यात जन्म गेला माझा. पोरं तोंडावर 'बाई' म्हणायची, पाठीमागे काय म्हणायची ते त्यांनाच ठाऊक, पण कोपर कोणी म्हटलं नव्हतं.

पडले ती बेगम बाजारात. डाळी घ्यायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर मोहरी सांडलेली होती, तिच्यावरून पाय सटकला आणि उजव्या हातावर सगळं वजन आलं. दुकानदार धावत आला खरा, पण आधी मोहरी सावडायला. बरकतपुऱ्यात घराजवळच्या एका लहानशा दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा हात काटकोनातच राहिला, पुढे वाकेना. "सुटेल हळूहळू," एवढं म्हणून तिथल्या डॉक्टरने पुढच्या माणसाला हाक मारली. काय करू नका, हे कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण काय करायचं ते आमच्या घरात ठरलेलंच होतं.

आमच्या यांच्या हाताला गुण आहे, असं सगळी बिल्डिंग मानायची. हे मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले. नोकरीसाठी हैदराबादला आले, वीज ऑफिसात फायली उपसून रिटायर झाले, पण वडिलांकडून आलेली विद्या सोडली नव्हती. सासरे बैलाचा मुरगळलेला पाय नुसत्या अंगठ्याने बसवत. यांच्याकडे माणसं येत. वॉचमनची कंबर, वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीची मान, कोणाचा पाय, कोणाचं मनगट. हे तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कडकडवायचे, बाटलीत भरून ठेवायचे आणि ज्याचं जे असेल ते चोळून द्यायचे. कोणाकडून एक पैसा घेतला नाही. पैसे घेतले की गुण जातो म्हणे. माणूस बरा होऊन हसत जिना उतरला की यांचा चेहरा असा खुलायचा, की मी चहात साखर विसरले तरी चालून जायचं.

मग माझं कोपर दुसऱ्या कोणाच्या हाती जाणं शक्यच नव्हतं. सकाळी आणि दिवेलागणीला हे समोर बसायचे, माझा हात मांडीवर घ्यायचे आणि चोळायचे. पहिल्यांदा अंगठ्याने, मग तळव्याने, मग धरून वाकवायचे. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी दातांखाली पदर धरायची. "कळ काढ," हे म्हणायचे. "अगं कळ काढ, सुटतंय बघ." सुटत काही नव्हतं. उलट हात रोज थोडा आणखी ताठ होत होता. आपला जोर कमी पडतोय, असं यांना वाटायचं, म्हणून हे आणखी जोर लावायचे. कोपराच्या वर, दंडाच्या पुढच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ आली. ती विरघळावी म्हणून तिच्यावर दुप्पट तेल.

हात तोंडापर्यंत जाईना. हे वाचायला काहीच वाटत नाही. उजवा हात घट्ट धरून ठेवा आणि एकदा जेवून बघा. मला हे भरवायचे. घास मोठा, वरण कमी, लिंबू नाहीच, आणि प्रत्येक घासाला आपलंही तोंड उघडायचे, लहान बाळाला भरवताना उघडतो तसं. मला आधी हसू यायचं, मग रडू यायला लागलं. डाव्या हाताने चमचा धरा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. धरला. निम्मं पदरात, आणि जे पोटात गेलं ते माझ्या अंगी लागलं नाही. बाकी काही येवो न येवो, केस विंचरता नाही आले तरी चालेल, फळ्यावर तर आता लिहायचंच नव्हतं, पण स्वतःच्या हाताने जेवता यावं, एवढंच मला हवं होतं. देवापाशी मी दुसरं काही मागितलं नाही.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या मुलीने आम्हाला जवळजवळ ढकलूनच त्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने गाठ चाचपली, एक्स-रेकडे बघितलं आणि विचारलं, "मालिश किए क्या इसको?"

हे खुर्चीत सरसावून बसले. इतक्या मोठ्या डॉक्टरला आपलं काम हात लावताच कळलं, असं यांना वाटलं. "हौ साब," हे म्हणाले. "मैंइच करा. रोज दो टाइम, एक दिन नागा नहीं."

डॉक्टरने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. कोपराच्या पुढे, जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे पांढरा ढग होता. हे हाड आहे, तो म्हणाला. मोडलेल्या कोपराला चोळलं की दुखावलेल्या मांसात हाड धरतं. जितकं चोळाल तितकं धरतं. आवाज चढवून नाही बोलला. रोज दहा जणांना हेच सांगत असावा, त्या थकलेल्या आवाजात बोलला. यांनी आपले दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले.

रिक्षात मी यांना बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण एक वाक्य लिहिते. "बैलाचा पाय होता का हो तो?" हे काचिगुड्याचा सिग्नल येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं नाही. माझा हात गेला होता आणि तो यांनी घालवला होता, प्रेमाने घालवला म्हणून तो परत थोडाच येणार होता?

तेलाची बाटली कणकेच्या डब्यामागे गेली. भरवणं चालू राहिलं, पण आता चमच्याने, आणि हात लांब करून. माझ्या अंगाला यांचं बोटसुद्धा लागत नव्हतं. एका संध्याकाळी वरची मुलगी मान धरून आली. "काका, जरा बघता का?" यांनी दारातूनच सांगितलं, "एक्स-रे काढ बेटा," आणि दार लावून घेतलं. मग हे बराच वेळ गॅलरीत कोरड्या तुळशीला पाणी घालत उभे होते.

ते जादा हाड काढायचं तर आधी पिकू द्यावं लागतं. कच्चं काढलं तर पुन्हा येतं. म्हणून थांबलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी चमच्याने जेवत राहिले. मग एकदाचं ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर डॉक्टरने सांगितलं की टेबलावर हात पूर्ण वाकला होता, आता तो तसा ठेवणं तुमच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून मला व्यायामाच्या हॉलमध्ये बसवलं.

त्या हॉलचा एक नियम होता. कोपरवाल्यांच्या नातेवाइकांनी आत यायचं नाही. बाकीच्यांना धरायला, टेकू द्यायला माणूस लागतो. कोपराला कोणी हात लावायचा नाही, ज्याचं त्याने वाकवायचं. आणि नातेवाइकांना बघवत नाही, ते मदतीला येतात आणि ओढतात. म्हणून त्यांना काचेच्या दाराबाहेर बाकावर बसवत. आम्ही आत हात वर न्यायचो, पोरगी ओरडायची, "इंका कोंचेम, अम्मा, इंका कोंचेम," म्हणजे आणखी थोडं, आणि काचेपलीकडे ती सगळी मंडळी नकळत आपापली कोपरं वाकवत बसायची. आमचे हेही. माझा हात छातीशी अडायचा, यांचा ओठांना लागलेला असायचा. मी तिकडे बघणंच सोडून दिलं.

शेजारच्या जुन्या शहरातल्या बाईचं दुखणं माझंच होतं, फक्त तिला चोळलं होतं मोहल्ल्यातल्या हाडं बसवणाऱ्या पैलवानाने. "मेरेकू पैलवान रगड़ा, तुमकू मियाँ," ती म्हणायची आणि हसायची. "पैलवान को तो मैं गाली दे सकती, तुम क्या करते?" एक दिवस तिने पिशवीतून उस्मानिया बिस्कीट काढलं, हात वर नेला, आणि बिस्कीट तोंडात गेलं. सगळा हॉल थांबला. काचेबाहेर तिची सून ओढणीत तोंड लपवून रडत होती. मला आनंद झाला असं लिहिलं असतं, पण झाला नव्हता. तिने दुसरं बिस्कीट माझ्या हातात दिलं, "अब तुम." मी नेलं. गळ्याच्या खाली ते थांबलं. मी जीव खाऊन ढकललं, कानात घणघण व्हायला लागलं, ते तिथेच थांबलं. "कल होता," ती म्हणाली, म्हणजे उद्या होईल. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची रिकामी होती, कारण तिला आता यायची गरज नव्हती.

मी जात राहिले. नवी कोपरं आली, काही सुटून गेली. माझा हात कधी हनुवटीच्या जवळ जायचा, कधी पुन्हा खाली यायचा. एक दिवस पोरगी नुसती बघत राहिली, 'इंका कोंचेम' म्हणालीच नाही, तेव्हाच मला कळलं. डॉक्टरने तिथे हॉलमध्येच नवा एक्स-रे लावला. पांढरा ढग पुन्हा होता, लहान, पण होता. काही जणांचं शरीर असंच असतं, तो म्हणाला. पुन्हा कापलं तर पुन्हा येईल, आणि बाजूची नस गेली तर बोटंही जातील. "जितना आया, उतने में गुज़ारा करना पड़ेगा, अम्मा." मी विचारलं, घास? त्याने माझा हात हळूच उचलून बघितला आणि परत मांडीवर ठेवला. हे काचेबाहेर उभे होते. यांनी दाराचा दांडा धरला होता, पण आत आले नाहीत.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. यांनी वरणभात वाढला आणि चमचा हातात घेतला. मी म्हटलं, ठेवा तो. ताट दोन डब्यांवर ठेवलं, घास कालवला, हात जिथे अडतो तिथवर नेला आणि मान खाली घालून तोंड घासापर्यंत नेलं. निम्मा घास तोंडात गेला, निम्मा ताटात पडला. गोठ्यात गाय खाते ना, तसं. समोर यांनी माझ्याबरोबर तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि हे भिंतीकडे बघायला लागले. मी तसेच चार घास खाल्ले. पाचवा खाववेना.

उठले, हात धुतले. आरशात केस दिसले. पडल्यापासून वरची मुलगी रविवारी येऊन बांधून द्यायची, तेल असं नव्हतंच. सगळ्या जटा झाल्या होत्या. मी डाव्या हाताने कणकेचा डबा सरकवला, बाटली काढली आणि यांच्यापुढे ठेवली.

"डोक्याला घाला."

"नको," हे म्हणाले. "माझ्या हाताने नको."

"मग कोणाच्या? माझा तर आता येणार नाही."

हे उठले, तेल कोमट करून आणलं. मी खाली बसले, हे मागे खुर्चीवर. पहिल्यांदा टाळूवर नुसते तेलाचे थेंब पडले, हात आलाच नाही. मग बोटं आली. इतकी हलकी, की कोणाची आहेत कळू नये. लसणाचा वास आला, मला शहारा आला, यांनी हात लगेच काढून घेतला.

"दुखतंय का?" यांनी विचारलं.

कोपर चोळताना एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "घाला."