पाहुणा चढाईपटू

प्रत्येक संघाच्या आयुष्यात एक घडी अशी येते, की त्याला आपला आत्मा आणि आपला विजय यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. आमच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांनी हे वाक्य एका रविवारी सकाळी अकरा वाजता, उभे राहून, उजवा हात छातीवर ठेवून उच्चारले. मग हात खाली घेतला आणि विचारले, "वडापाव किती जणांसाठी सांगितलेत?"

सभा विहाराच्या हॉलमध्ये होती, कारण भिवंडीतल्या टेमघरात आमच्या ओळखीचा चालू पंखा तेवढाच होता. विषयपत्रिकेवर एकच विषय होता : बाहेरचा चढाईपटू घेणे अथवा न घेणे. ती मीच लिहिली होती. मी मंडळाचा सचिव. म्हणजे खेळताना जो कुणाच्या लक्षात राहिला नाही, पण अक्षर बरे होते म्हणून ज्याला ठेवून घेतले, तो. संघाचा कप्तान माझा थोरला भाऊ होता आणि मुख्य चढाईपटूही तोच. तेव्हा विषयपत्रिकेवरच्या त्या ओळीचा साध्या मराठीत अर्थ एवढाच होता, की दादाला बसवायचे की नाही.

घाई होती ती मैदानामुळे. भिवंडीत मोकळ्या जमिनीच्या दोनच अवस्था असतात, गोदाम झालेली आणि गोदाम होणार असलेली. आमचे मैदान त्या हिवाळ्यात दुसरीतून पहिलीत जायचे होते. ज्यांची जागा होती त्यांनी सौजन्य म्हणून एक शेवटची स्पर्धा भरवू दिली. स्पर्धा आम्ही गेली कित्येक वर्षे भरवत होतो आणि ती आम्ही एकदाही जिंकलेली नव्हती. दरवर्षी चषक आम्ही निवडायचा, आम्ही पुसायचा, टेबलावर पांढरी चादर घालून आम्ही मांडायचा आणि संध्याकाळी टाळ्या वाजवत दुसऱ्या गावाच्या हातात द्यायचा.

जो घ्यायचा होता तो खेळाडू आधी एका कंपनीकडून खेळत असे. मग दोन हंगाम टीव्हीवर दिसला. पुढे कंपनी सुटली, टीव्हीही सुटला. सध्या तो कुणाचाच नव्हता, म्हणजे बोलावील त्याचा होता. त्याने मागितलेला आकडा अध्यक्षांनी जरा खालच्या आवाजात सांगितला.

खजिनदार व्यवसायाने शिंपी आहेत, माप घेतल्याशिवाय बोलत नाहीत. ते म्हणाले, "एवढ्यात जुनी रिक्षा येईल, अध्यक्षसाहेब. आणि रिक्षा स्पर्धा संपल्यावरपण चालेल."

"रिक्षा बोनस गुण आणते काय?"

"तुमच्या फ्लेक्सच्या खर्चात एक चाक तरी आणलं असतं."

अध्यक्ष चिडले. ते सभेत छापील मराठी बोलतात आणि चिडले की गावच्या बोलीवर येतात. बोलीवर आले की समजावे, आता मनातले बोलत आहेत. "आरं, किती वर्सं दुसऱ्यांनाच हार घालायचे? मैदान जातंय, कप न्हाय, काय ठेवायचं मागं? फोटो? फोटोत पन आपन हारलेलेच हाय!"

तेव्हा आमचा डावा कोपरा सांभाळणारा गडी उठला. तो निजामपुऱ्यात लूमवर कामाला, रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांत कापसाचे तंतू. तो म्हणाला, "वो आएगा, खेलेगा, चला जाएगा. मिट्टी कौन छानेगा?"

प्रश्न वाजवी होता. आमच्या मंडळात एक रीत आहे. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस रोज सकाळी सगळ्या खेळाडूंनी मैदानाची माती स्वतः चाळायची. ढेकळे फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. ज्याने माती चाळली नाही त्याने उतरायचे नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही. पण तिच्यापायी एका वर्षी आमचा उत्तम पकड करणारा गडी स्वतःच्या लग्नामुळे दोन सकाळी चुकला आणि त्याला आम्ही बाहेर बसवला होता. त्याची बायको अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

"त्याच्या वाटची मी चाळतो," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही वाकाल हो," खजिनदार म्हणाले, "पण उठवायला कशेळीच्या पुलाच्या कामावरून क्रेन आणावी लागेल."

वडापाव आले. मतदान झाले. पाच बाजूने, पाच विरोधात. बाजूच्या पाच हातांत एक हात दादाचा होता.

इथे दादाबद्दल सांगितले पाहिजे. विशीत तो जसा चढाईला जायचा तसे मी नंतर कुणालाही जाताना पाहिले नाही, टीव्हीवरसुद्धा. ओरडणे नाही, मांडी थोपटणे नाही. समोरच्यांच्या अंगणात आपली एखादी वस्तू राहिली आहे आणि ती उचलायला आलो आहे, अशा बेताने तो आत शिरायचा. दोन-तीन जणांना हात लावून परत यायचा. चेहऱ्यावर भाव असा, की वस्तू सापडली नाही, पुन्हा जावे लागेल. मी काठावर बसून गुण लिहायचो आणि मला वाटायचे, हे असेच राहणार आहे. त्या हिवाळ्यात तो एकोणचाळीस वर्षांचा होता. लूमच्या कारखान्यांत वायरमन, पायाखाली दिवसभर शिडी. उजव्या गुडघ्याला पट्टा. आजही तो आत शिरायचा, पण आता वस्तू कुठे ठेवली तेच आठवत नसल्यासारखा.

अकरावे मत माझे होते. मी दादाकडे पाहिले. तो वडापावाच्या कागदावरची चटणी बोटाने पुसत होता. वर न बघता म्हणाला, "लिही ना. बाजूने."

मी लिहिले, बाजूने. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर. सूचक : कप्तान.

घरी जाताना मी विचारले, "तू कशाला हात वर केलास?"

"तुला काय वाटतं, मला खेळायचं नाय?" तो म्हणाला. "खेळायचंच आहे. ह्या मैदानात शेवटचं खेळायचंच आहे. पण कपपण बघायचाय इथे, एकदा. माझ्या गुडघ्यावर दोन्ही होत नाय."

"मी विरोधात दिलं असतं तर?"

"मग हरल्यावर लोक बोलले असते, भावाने भावाला उभा केला. आणि हरलोच असतो."

"आणि नसतो हरलो तर?"

तो गुडघ्याचा पट्टा वर ओढायला थांबला. पट्टा जागेवरच होता.

दुसऱ्या दिवसापासून माती सुरू झाली. सकाळी सहाला दादा सगळ्यांच्या आधी चाळणी घेऊन उभा. राखीव खेळाडूला एवढे चाळण्याची गरज नव्हती, पण त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशी माती केली की तिच्यात पाऊल टाकायला संकोच वाटावा. मी ऑफिसला जाण्याआधी तासभर खडे वेचायचो. हायवेकडून ट्रकची धूळ यायची, मातीवर बसायची, दादा ती वरच्यावर काढायचा. रोज सकाळी तो मूठभर माती उचलून बोटांतून सोडायचा आणि म्हणायचा, "झाली. उद्या अजून थोडी." पंधरा दिवसांत मी त्याला एकदाही घाईत पाहिले नाही. मला त्या सकाळी संपायला नको होत्या. अध्यक्ष एकदा आले, एक चाळणी हातात धरून फोटो काढून घेतला आणि गेले. त्यामुळे पाहुण्याच्या वाटची माती चाळली गेली असे धरण्यात आले.

फ्लेक्सही लागला. त्यावर पाहुणा चढाईपटू माणसाच्या उंचीचा. अध्यक्ष त्याहून थोडे मोठे. खाली पासपोर्ट फोटोंच्या ओळीत डावीकडून चौथा दादा.

पंधराव्या दिवशी दुपारी पाहुण्याच्या माणसाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी जे ऐकले ते सांगतो. तो म्हणाला, "मॅट कुठली आहे तुमची?" खरे उत्तर होते, आमच्याकडे मॅट नाही, माती आहे. पण अध्यक्षांना आयुष्यात कुणीही काहीही विचारले, की "आहे का तुमच्याकडे", तर "नाही" म्हणणे जमलेले नाही. ते म्हणाले, "एकदम नवीन." फोन ठेवल्यावर पुढचे तीन तास ते ठाण्यात मॅट भाड्याने मिळते का ते विचारत होते. मिळाली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. निळे-पिवळे तुकडे, एकमेकांत बसवायचे. ते त्या मातीवर टाकायला कुणी पुढे होईना. शेवटी दादाच गुडघ्यावर बसला आणि पहिला तुकडा लावला. मग मला म्हणाला, "कोपरा ओढ. फट राहिली तर पाहुणा पडेल."

डाव्या कोपऱ्यावाला बघत उभा होता. "कप्तान, पंद्रह दिन किसके लिए छाना?"

"मॅटसाठी," दादा म्हणाला. "खडा राहिला असता तर टोचला असता तिला."

पाहुणा कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकला आणि आमच्या पहिल्या सामन्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचला. तो माजोरडा निघावा अशी माझी फार इच्छा होती. दुर्दैवाने तो साधा मुलगा होता. चहा बशीत ओतून प्यायला, बूट स्वतः बांधले, सगळ्यांना "जय भीम, नमस्कार" असे दोन्ही करून घेतले. दादाशेजारी बसून म्हणाला, "तुमचं नाव ऐकलंय मी. तुम्ही कुठल्या बाजूने शिरायचात?"

"डाव्या," दादा म्हणाला.

त्या "शिरायचात" मधला काळ मला लागला. दादाला लागला की नाही ते कळले नाही.

आणि खेदाने सांगतो, तो उत्तम खेळला. रिक्षाने हे केले नसते. संध्याकाळपर्यंत आम्ही तीन सामने जिंकलो आणि पहिल्यांदाच आपल्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत आलो. बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या होत्या. आमची आई, जिने दादाचे सामने नेहमी मैदानाकडे पाठ करून, फक्त आवाजावरून ऐकले, ती त्या दिवशी तोंड करून बसली होती, कारण ज्याच्यासाठी भ्यावे असे आत कुणी नव्हते.

अंतिम सामन्याची शेवटची पाच मिनिटे राहिली तेव्हा आमच्याकडे भरपूर आघाडी होती. पाहुण्याने बाजूला बघून स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, मग दादाकडे केले. मला बसवा, यांना पाठवा. दादा उठून उभा राहिला. पट्टा घट्ट केला. अध्यक्षांनी हाताने खूण केली, थांब, थोडे थांब. बदलीची चिठ्ठी गुणलेखकाच्या टेबलावर असते, म्हणजे माझ्यासमोर होती. मी पेन उघडले होते. दादा उभा, अध्यक्षांचा हात तसाच हवेत. मी सहा विरुद्ध पाच लिहिणारा माणूस. अध्यक्षांच्या हाताकडे बघत राहिलो आणि शिटी झाली.

चषक मिळाला. दादाने तो पहिल्यांदा उचलला, कारण कप्तान तोच होता. फोटोत तो हसतो आहे. अंगावरची बनियन इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅट न्यायला टेम्पो आला. आम्ही दोघे खुर्च्या मोजायला गेलो होतो. तुकडे एकेक निघत गेले आणि खालून माती वर आली. ओलसर, गडद, सपाट. एकाही पावलाची खूण नाही. टेम्पो गेला. दादा बराच वेळ काठावर उभा राहिला. मग त्याने चपला काढल्या.

"चल, उभा राहा."

"मी?"

"मग काय अध्यक्षांना बोलवू?"

मी ऑफिसच्या पँटमध्ये होतो. बूट-मोजे काढले आणि आत गेलो. तळव्याखाली माती इतकी मऊ होती, की तिच्यावर उभे राहिल्याबद्दल माफी मागावीशी वाटली. दादाने वाकून तिला हात लावला, कपाळाला लावला आणि निघाला. तोंडाने हळू, एकसारखे, कबड्डी, कबड्डी. डाव्या बाजूने. ओरडणे नाही, मांडी थोपटणे नाही. माझ्या अंगणात त्याचे काहीतरी राहिले होते. मी त्या क्षणी सोळा वर्षांचा होतो आणि मला नोकरी नव्हती.

त्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि वळला. मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. झेप घेतली आणि त्याचा घोटा धरला. दोघेही आडवे झालो. तो मला ओढत पुढे सरकत होता, दम अजून चालू, एक हात लांब ताणलेला. मी सोडले नाही. सोडायला हवे होते का, तेही मला अजून कळत नाही. मग त्याचा दम संपला आणि आम्ही तसेच पडून हसत राहिलो. त्याचे हसणे माझ्याआधी थांबले.

"पोचला होता हात," तो म्हणाला. "मध्यरेषेच्या पार."

"चार बोटं अलीकडे होता."

हा वाद आमच्यात आजही चालू आहे. जेवताना निघतो, लग्नांत निघतो. तिथे आता गोदाम आहे आणि त्याच्यासमोरून जाताना तर हमखास निघतो. आईने दोघांचेही ऐकून घेणे केव्हाच सोडले आहे. सगळ्या रेषा मॅटवर आखलेल्या होत्या. मातीवर त्या वर्षी मध्यरेषा कुणी आखलीच नव्हती.