ज्याचं मूळ कुणाला नको, ते झाड

बेळगावच्या छापखान्यात उभं राहून मी तीन पत्रकं छापून घेतली होती. एक चहाविरुद्ध, एक हुंड्याविरुद्ध, एक दारूविरुद्ध. त्यानं काहीच थांबलं नाही, पण माझा हात तयार झाला. म्हणून अक्काचं शेत डोंगराखाली गाडलं जातंय हे कळलं, तेव्हा चौथं पत्रक मी तिच्याकडे जाताना बैलगाडीतच लिहून काढलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बाजारकुणंगच्या पलीकडं एका वाडीत दिलेली. घरामागं उतार, उताराखाली भाताची दोन खाचरं, एवढाच तिचा संसार. एका ठेकेदारानं वरच्या रानातला साग ह्याच उतारावरून ओढून खाली आणला. वळणाची गाडीवाट होती की! पण सरळ ओढलं की त्याचे चार दिवस वाचत होते. लाकूड गेलं, चर राहिला. दर पावसाळ्यात त्या चरातून तांबडा चिखल उतरायचा आणि लावलेलं रोप गाडून टाकायचा. वरचं खाचर असंच गेलं. खालचंही गेलं तर घराला कडी लावून लाकूडतोडीवर जायचं, असं दाजींनी सांगून टाकलं होतं. म्हणजे ज्यानं शेत बुडवलं, त्याच्याच दारात हजेरीला उभं राहायचं! माझं डोकं तापलं ते ह्यानं, आणि ते अजून निवलेलं नाही.

पत्रकात मी ठणकावलं होतं: ‘उघड्या उतारावर कोनफळं लावा! वेल माती झाकेल, कंद पोट भरेल!’ कोनफळ इथलंच, विलायती काही नाही, म्हणून मी स्वतःवर खूशही होतो. पावसाच्या तोंडावर आम्ही तो सगळा चर कोनफळांनी भरून टाकला. अक्का मला, धाकट्या भावाला, एकदाच बोलली, “तम्मा, लई ग्वाड जिन्नस लावाय लागलाईस बग.” मला ते कौतुक वाटलं.

श्रावणात डुकरं आली. रानडुकरांना वाचता येत नाही, पण पोट भरण्याची ओळ त्यांना नेमकी कळली. नवे कंद सुपारीएवढेही झाले नव्हते, तरी सगळा उतार नांगरल्यासारखा उकरलेला. दुपारी सर आली आणि ती मोकळी माती खालच्या खाचरात निम्म्यापर्यंत येऊन बसली.

दाजी बांधावर उभे राहून म्हणाले, “पावनं, डुकरांची पंगत झ्याक झाली. दक्षिणा तेवढी ऱ्हायली.”

“दोष त्या ठेकेदाराचा आहे!” मी ओरडलो.

“व्हय की. दोष त्येचा, चिखल आमचा.”

त्याच आठवड्यात दाजींनी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला. तो कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्का म्हणाली, “आनि एक पावसाळा थांबा. ह्या बारीला झाडं मी निवडनार. न्हाई जमलं तर तुमच्या म्होरं मी चालीन.”

पाऊस उघडल्यावर जिथं जिथं दरड कोसळली होती, तिथं तिथं तिनं मला फिरवलं. मी काय पडलं ते बघत होतो, ती काय उभं आहे ते दाखवत होती. निगडी म्हणजे निर्गुंडी, धायटीची झुडपं, करवंदीची जाळी. मुळं उघडी पडली होती, तरी झाड माती सोडत नव्हतं.

मी नाक मुरडलं. निगडीला गुरं तोंड लावत नाहीत, धायटीचं सरपणही धड नाही. “ह्यात लोकांचा फायदा काय? पत्रकात लिहू काय?”

“तुजं पत्रक गेलं वड्यात! वरचं कुनीबी खाऊ दे, करवंदं खा, फुलं तोड. पन मूळ कुनाला नगो असलं झाड पायजे. मानसाला नगो, डुकराला नगो. मूळ काढाय कोन आलं की माती खाली आलीच म्हन.”

“मग वाळा? त्याची मुळं खोल जातात, मी वाचलंय.”

“वाळ्याला सुप्याच्या बाजारात गिऱ्हाईक हाय. पयला तूच खनून इकशील.”

पुढच्या पावसाआधी मी मुकाट्यानं उताराला आडवे चर खणले, निगडीच्या फांद्या ओळीनं खोचल्या, मध्ये मध्ये धायटी आणि करवंद लावलं. हात करवंदीनं असे सोलवटले की दोन दिवस भात कालवता येईना. अक्का मजेत हसत होती.

आषाढात पाऊस लागला तो आठ दिवस हटला नाही. दाजी रोज इरलं घेऊन बांधावर. मीही त्यांच्यामागं, देवाला मानत नसूनही हात जोडून. उतारावरून पाणी आलं, तांबूस आलं, पण चिखल आला नाही. डुकरांचे खूर कडेला उमटले होते. वास घेऊन ती माघारी फिरली होती.

“पावनं,” दाजी त्या तांबूस पाण्याकडं बघून म्हणाले, “तुमी चहा सोडा म्हनून कागद वाटलासा, आनि आता डोंगरच आमाला चहा पाजतोय बगा.”

एवढं बोलून ते घरात गेले आणि ती नव्या दांड्याची कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. ते ओढ्याकडं उतरले. घटकाभरानं निगडीच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन परतले आणि अक्कापुढं टाकून म्हणाले, “वरच्या खाचराची कड मोकळी हाय. कुटं लावू, सांग.”

“आधी पाय धुवा,” अक्का म्हणाली.