मामांची अमावस्येची रजा

सुट्टी कशी घ्यावी हे अख्ख्या शिराळा तालुक्यात एकाच माणसाला कळलं आहे, आणि तो माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. आम्ही कुपवाडच्या कारखान्यात राबणारी माणसं रविवारी काय करतो? उशिरा उठतो, गाडी पुसतो, बायकोची बोलणी खातो आणि संध्याकाळ झाली की सोमवारच्या नावानं तोंड कडू करून बसतो. मामांचं तसं नाही. ते महिन्यातून एकदाच, अमावस्येला, सुट्टी घेतात आणि ती इतकी मन लावून घेतात की बघणाऱ्याला आपण आजवर फुकट रविवार घालवले असं वाटावं.

अमावस्येला औत जुंपायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. बैलाला तेवढाच विसावा. मामांचे बैल जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांच्या सव्वा एकरात पॉवर टिलर फिरतो. पण रीत आहे तिथंच आहे. अमावस्येच्या सकाळी मामा टिलरला आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात, पुढ्यात नारळ फोडतात आणि त्याला आंब्याच्या सावलीत नेऊन उभा करतात. एकदा शेजाऱ्यानं नेमका त्याच दिवशी तो मागितला. "आवं हवालदार, यंत्राला कसली आलीया अमावस्या?" मामा म्हणाले, "फौजेत तोफेलाबी रेस्ट आसती. तू लय शाना लागून गेलास!" मामा फौजेत हवालदार होते, त्यामुळे रजा म्हणजे रजा. खोरं, कुदळ, खुरपी सगळी त्या दिवशी धुऊनपुसून गोठ्याच्या भिंतीकडेला आडवी निजवायची. चुकून एखादं खोरं उभं दिसलं तर मामा ओरडतात, "ह्यो कोन ड्युटीवर हुबा हाय?"

यंदा माघातली अमावस्या रविवारी आली आणि मी मोटारसायकल काढून मामांकडे गेलो. गेलो म्हणजे पाठवला गेलो. पौषात मामा उसात चक्कर येऊन पडले होते. बराच वेळ सरीत तसेच पडून होते, शेजारी वैरणीला गेला म्हणून कळलं. मामांना मूलबाळ नाही, मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. हिला लहानपणापासून त्यांनीच लेकीसारखं वाढवलं, तेव्हा हे ऐकल्यापासून हिच्या डोळ्याचं पाणी खळेना. तोच शेजारी पाडव्यापासून जमीन वाट्यानं करायला तयार होता. मामांनी जमीन त्याच्याकडे सोपवून आमच्याकडे राहायला यायचं, एवढाच प्रश्न. "हो म्हणवून घेतल्याशिवाय परत येऊ नका," असं मला दारातच बजावलं गेलं होतं.

मी पोचलो तेव्हा मामा बांधावर बसून शाळवातली पाखरं बघत होते. एरवी ते पत्र्याचा डबा बडवून चिमण्यांना हैराण करतात. आज डबाही आडवा निजला होता. चिमण्या कणसांवर यथेच्छ ताव मारत होत्या आणि मामा कौतुकानं सांगत होते, "बगा पावणं, ह्यास्नी पंचांग कळतंय. काल याक बी आली न्हवती." त्यांच्याशी बोलताबोलता, हाताला चाळा म्हणून, मी बांधावरचं एक तण उपटलं. मामा ताडकन उठले. "पावणं! काय केलंसा ह्ये? आज त्येलाबी सुट्टी हाय. उद्या मी बगणारच हाय की त्येच्याकडं!" आणि माझ्या हातातून ते तण घेऊन त्यांनी परत लावलं, वर तांब्याभर पाणी घातलं. लावणं आणि पाणी घालणं ही कामंच झाली, हे मला सुचलं होतं. पण मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

दुपारचा स्वयंपाक मामांनी केला. त्यामागेही एक गोष्ट आहे. एका अमावस्येला मामी म्हणाल्या होत्या, "बैलाला सुट्टी, नांगराला सुट्टी, आन् मला वो कवा?" पुढच्या अमावस्येपासून मामी बाहेर बाजल्यावर बसायच्या आणि आत मामा चुलीशी झटायचे. "आवं, जाळ कमी करा की," असं त्या बाहेरून सांगायच्या आणि मामा आतून "येस सर" म्हणायचे. आता एरवी त्यांना शेजाऱ्याच्या घरून भाकरी येते. पण अमावस्येला मामा स्वतःच करतात: वांग्याचं भरीत, हरभऱ्याची आमटी आणि एका बाजूनं हमखास करपणारी भाकरी. जेवताना ते आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि बाजल्याची एक बाजू मोकळी सोडून बसले. मलाही तिथं बसावंसं वाटेना. मी खाली पोत्यावर बसलो.

जेवण झाल्यावर आम्ही आंब्याखाली आडवे झालो. मोहोर असा फुलला होता की वाऱ्याची झुळूक आली की अंगावर बारीक पिवळा चुरा पडायचा. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "सकाळपास्नं कायतरी व्हटात धरून बसलायसा. बोला की."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. हिची काळजी, एकट्यानं राबू नका हे डॉक्टरांचं म्हणणं, शेजाऱ्याचा शब्द. मामांनी डोळे उघडून अंगावरचा चुरा झटकला. मग म्हणाले, "येतो. पोरीचा हुकूम हाय म्हंजे यायाचंच. पाडव्याला गाडी घिऊन या."

मी वाटभर जुळवलेली सगळी भाषणं वाया गेली. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "पावणं, याक इचारू? तुमच्याकडं मी दमायचं कशानं?"

"दमायचं कशाला, मामा? आराम करायचा. टीव्ही बघायचा, संध्याकाळी बागेत फिरायला जायचं."

"त्ये झालं वो. पर दमल्याबिगार सुट्टी गोड लागत न्हाई. तितं रोजच सुट्टी. मग आमावस्या कंची आन् सोमवार कंचा, मला कळायचं कसं?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परगावी निघालेला माणूस तिथली पाण्याची सोय विचारतो, तसं त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांना झोप लागली.

संध्याकाळी घरी पोचलो तर ही दारातच उभी. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले," मी म्हटलं.

कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. ही रडली, मला नीट बोलता येत नाही म्हणून माझ्यावर चिडली आणि तिथल्या तिथं मामांना फोन लावला. स्पीकर सुरू होता. "मामा, तुम्ही यायला नको म्हणालात?" पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"व्हय गं," मामा म्हणाले. "म्हनालो मी न्हाई म्हून. पावण्यास्नी काय बोलू नगंस."

मी केलं ते बरोबर केलं का, मला अजून कळलेलं नाही. मामा उद्या पुन्हा पडले तर तो दोष माझा, आणि हे मी हिला कधीच सांगू शकणार नाही. म्हणून रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यांना फोन लावतो. पलीकडे रिंग वाजत राहते तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. मग कधीतरी फोन उचलला जातो आणि धापा टाकत, पण एखादी खुशखबर द्यावी तशा आवाजात मामा म्हणतात, "बोला पावणं. लय दमलोय बगा आज."